दोन रिंगांचा निरोप

ज्येष्ठ शुद्ध पंचमी, सोमवार. रक्कम तीन हजार दोनशे रुपये. हजर माणसं पाच: अप्पा, अव्वा (आमची आई), बहीण शांताअक्का, मी आणि टेलिफोनचा लाइनमन रफिकचाचा. तीन हजार अनामतीचे आणि जोडणीचे, दोनशे खांब वाहून आणणाऱ्या बैलगाडीचे. त्या वर्षी मी अकरावीत होतो आणि संतपुरात आमच्या गल्लीतला तो पहिला फोन होता, एवढं सांगितलं तरी पुरे. पैशासाठी अप्पांनी सहा मेंढ्या विकल्या. त्यातली एक गाभण होती, हे अव्वा पुढं कितीतरी वर्षं त्या फोनकडं बघून बोलून दाखवत असे, जणू पिल्लू त्यानंच खाल्लं होतं.

फोन ज्वारीच्या कणगीशेजारच्या पेटीवर बसला. अक्कानं त्याच्यावर दोऱ्याचं विणलेलं झाकण घातलं. रफिकचाचानं तार जोडली, आपल्या एक्सचेंजला फोन लावून घंटी वाजवून दाखवली आणि शहाणपण सांगितलं, "देखो अप्पा, ये बजी तो उठाने का. बज के बंद होने से पहले." अप्पा म्हणाले, "वो हमारे ऊपर छोडो, चाचा." ते वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. गंमत म्हणून नाही, चीड येते म्हणून.

फोन घेतला तो मल्लूअण्णासाठी. हा माझा थोरला भाऊ. बांधकामावर म्हणून मुंबईला गेला, तिथून बंदरात जहाजांचा गंज खरवडायच्या कामाला लागला आणि दोन वर्षांनी एका टगवर खलाशी झाला. टग म्हणजे मोठे तराफे आणि बंद पडलेली जहाजं दोराला बांधून ओढून नेणारी आखूड, दणकट बोट. आमच्या घरात समुद्र कुणी पाहिलेला नव्हता. अव्वानं पाहिलेलं सगळ्यांत मोठं पाणी म्हणजे मांजरा नदी, तीही पूर ओसरल्यावरची. उगादीला, म्हणजे पाडव्याला, अण्णा सुट्टीवर आला तेव्हा त्यानं अंगणात बसून समुद्रातली संकटाची औजारं समजावून सांगितली. लाल उजेडाची नळी, एक मिनिट जळणारी. आभाळात जाऊन छत्रीसारखी लोंबकळत उतरणारी दुसरी नळी. दिवसाउजेडी लावायचा नारिंगी धूर. उन्हाचा कवडसा पाडायचा आरसा. तो त्यानं शेजारच्या माळवदावर पाडून वाळवणाला बसलेल्या बाईच्या शिव्या खाल्ल्या. आणि एक डब्याएवढं यंत्र, ज्याला तो बीकन म्हणे. ते चालू केलं की थेट उपग्रहाला हाक जाते.

"हाक मारायला एवढी औजारं?" अव्वा म्हणाली. "तोंड कामून दिलंय देवानं?"

"अव्वा, तितं तोंडाचं ऐकायला कोन असतंय?"

अप्पांना मात्र यात नवल वाटलं नाही. आमचे आज्जा मेंढरं घेऊन महिना महिना रानात असत. संध्याकाळी मेंढरं मोजून झाली की टेकडीवरून ते दोन हाका देत. दोन म्हणजे माल पुरा, काळजी नाही. तीन म्हणजे बसकण हलवली, पुढच्या रानात चाललो. आणि न थांबता एकच लांब हाक म्हणजे लांडगा किंवा चोर, असाल तसे या. ही आमच्या घरची भाषा. अप्पांनी ती जशीच्या तशी फोनला लावली. अण्णानं बंदरातल्या बूथवरून नंबर फिरवायचा. दोन रिंगा देऊन ठेवून दिला, तर पोचलो, माल पुरा. तीन देऊन ठेवला, तर निघालो समुद्रात. चारच्या पुढं वाजत राहिला, तरच उचलायचा. न उचललेल्या फोनला बूथवाला पैसे घेत नाही, हे त्यातलं मुख्य. नियम असा कडक की चौथी रिंग संपेपर्यंत फोनजवळ कुणी हातसुद्धा नेत नसे. एकदा मामा आले होते, त्यांनी सवयीनं पहिल्या रिंगला हात घातला तर अप्पांनी त्यांचं मनगट धरलं. मामा चहा न घेता गेले.

रिंगा लिहून ठेवायचं काम माझं. शंभर पानी वहीत तारीख, वेळ, रिंगा, अर्थ असे चार रकाने मी आखले होते. मला आकड्यांचं वेड तेव्हापासूनच आहे. आता माझी मुलगी कलबुर्गीला शिकते आणि ती या क्षणी कोणत्या चौकात आहे ते माझ्या फोनवर निळ्या ठिपक्यानं दिसतं. तरी ती पोचली की मी वहीत वेळ लिहितो. ती हसते. तिला हे प्रकरण मी कधी सांगितलेलं नाही.

श्रावणात अण्णाचं पत्र आलं. पत्र नेहमीप्रमाणे कसल्यातरी वाया गेलेल्या कागदाच्या पाठीवर होतं. या खेपेला तो कागद म्हणजे बीकनच्या नोंदणीचा खराब झालेला फॉर्म. टगच्या सारंगाला, म्हणजे त्यांच्या मुख्याला, इंग्रजी लिहिता येत नव्हतं. अण्णाचं अक्षर चांगलं, म्हणून फॉर्म त्यानं भरला. त्यात दोन फोन नंबर मागितले होते: एक मालकाचा आणि दुसरा जमिनीवरच्या अशा कुणाचा, ज्याला बोटीची खबर असेल. सहा खलाशांत घरी फोन असलेला अण्णा एकटाच. पहिल्या फॉर्मवर त्यानं आमचा नंबर चुकीच्या ओळीत लिहिला, म्हणून तो बाद झाला आणि आमच्याकडं पत्र होऊन आला. पत्रात त्यानं मला लिहिलं होतं की यंत्र चालू झालं तर उपग्रहाकडून मुंबईच्या बचाव केंद्राला कळतं आणि ते लोक या नंबरांवर विचारतात. यंत्र खरं तर बाहेर, हाताशी हवं, पण चोरी होईल म्हणून मालकाच्या माणसानं ते कपाटात कुलूप लावून ठेवलंय. शेवटची ओळ: "अव्वाला यातलं काही सांगू नको, उगं घोर लावून घेईल."

मी सांगितलं नाही. अव्वालाही नाही आणि अप्पांनाही नाही. पत्र मोठ्यानं वाचताना तो भाग गाळला आणि कागद घडी करून रिंगांच्या वहीत ठेवला. घरात ही गोष्ट फक्त मला ठाऊक होती. पुढं जे झालं त्यात अप्पांना दोष देताना मला हे आधी लिहावं लागतं.

दिवाळी होऊन दहा-बारा दिवस झाले होते. सोयाबीन निघालं होतं, तूर फुलावर होती. गुरुवारी संध्याकाळी सहा चाळीसला तीन रिंगा आल्या. मी लिहिलं: निघाला. शुक्रवार, शनिवार काही नाही. रविवारी सकाळी सात दहाला रिंग वाजली. एक, दोन, बंद.

"पोचला गं बाई," अव्वा चुलीपुढून म्हणाली आणि तिनं राखेचे हात जोडले. मी लिहिलं: पोचला, माल पुरा.

सात पंचावन्नला पुन्हा. एक, दोन, बंद. अक्का म्हणाली, "येडा झालाय का अण्णा? एक डाव कळलं की आमाला." आठ चाळीसला पुन्हा दोन. अव्वाला त्यात आनंदाशिवाय काही दिसेना. "खुश हाय लेकरू. लई दिसानं मोकळा झालाय," म्हणत तिनं हुग्गीसाठी, म्हणजे गव्हाच्या खिरीसाठी, गहू भिजवलेले होते का ते अक्काला विचारलं. नव्हते, तर शेजारून खपली गव्हाचे कांडलेले दाणे मागून आणले. नऊ पन्नासला चौथ्यांदा दोन रिंगा आल्या तेव्हा घरभर गुळाचा आणि वेलदोड्याचा वास सुटला होता.

"अप्पा," मी म्हणालो, "आजवर एका दिसात दोनदाबी केला न्हाई त्यानं. चार डाव कसा काय?"

"बूथ मोकळा घावला आसंल. तुला कामून खुपायलाय?"

"उचलून बघू का पुढच्या टायमाला?"

"उचल. अन् बिल तुज्या वहीतून भर."

माझ्या चार रकान्यांत पाचवा, शंकेचा, नव्हता. दहाला मी पोतं सायकलवर टाकून पिठाच्या गिरणीवर गेलो. वीज नव्हती, गिरणी बंद होती, नंबर लावून पारावर बसलो. साडेदहाच्या थोडं आधी वीज आली. दळण घेऊन घरी यायला अकरा चाळीस झाले.

दारातच अप्पांनी अडवलं. चेहरा असा की जणू तहसीलदारानं त्यांना खुर्ची दिली. "मुंबईचा फोन आल्ता. सायबाचा. साडेधाच्या पुढं पाच मिन्टं झाल्ती, लिहून घे. चारच्या वर वाजला, मग उचललो."

"कोण सायब?"

"बोटीच्या खात्याचा. मल्लूचं नाव, बोटीचं नाव, समदं ठाऊक त्याला. इचारला, बोट कुठं हाय. मी सांगितलो, बिस्तरवार को गयी साब, आज सुबह पोंच गयी. निरोप आया हमको, चार बार आया. लई खुश झाला सायब. दोन-तीन डाव इचारला, पक्का? मी म्हनलो, एकदम पक्का, मेरा लडका झूठ नै बोलता."

"आनिक काय म्हनला?"

"म्हनला, सकाळपासून चार डाव लावला तुमचा फोन, दोन घंट्या वाजतात अन् कट व्हायलाय."

मी पीठ खाली ठेवलं. वही उघडली. सात दहा, सात पंचावन्न, आठ चाळीस, नऊ पन्नास. चार. साहेबाचे चार आणि अण्णाचे चार असे आठ कुठंच नव्हते. वहीत चारच ओळी होत्या आणि त्या चारही मी स्वतःच्या अक्षरात "पोचला" म्हणून लिहिल्या होत्या.

"अप्पा, ते फोन अण्णाचे न्हाईत. ते सायबाचेच हायत. त्याच्याच घंट्या आपन त्याला निरोप म्हनून सांगितल्या."

अप्पांना ते समजेना. खरं सांगायचं तर त्यांना समजून घ्यायचं नव्हतं. दोन म्हणजे माल पुरा, हे त्यांच्या बापाच्या तोंडचं. मी पत्रातला गाळलेला भाग वाचून दाखवला, तेव्हा ते माझ्यावरच उसळले, "अन् हे श्रावनापासून दाबून ठेवलास व्हय रे?" आम्ही दोघं अंगणात उभे राहून एकमेकांची चूक मोजत होतो आणि त्यात दहा मिनिटं गेली. अव्वा पळी हातात घेऊन बाहेर आली. तिला यंत्र, उपग्रह काही कळलं नव्हतं. एवढंच कळलं की लेकरू पोचलेलं नाही.

"भांडायलाव काय? लाव की त्या सायबाला फोन!"

"नंबर कुठं हाय?" अप्पा म्हणाले. साहेबानं नंबर सांगितला होता. अप्पांनी "हौ साब, हौ साब" केलं होतं आणि लिहून घेतला नव्हता.

नंबर सापडला तो त्याच पत्राच्या उलट्या बाजूला. फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात छापलं होतं की नोंदणीत बदल असल्यास अमुक नंबरावर कळवावं. पण आमच्या फोनवरून मुंबई लागत नव्हती. बिलाच्या भीतीनं अप्पांनीच बाहेरगावची सोय बंद करून घेतली होती. मी वही घेऊन एक्सचेंजकडं धावलो. अप्पा मागून आले, पायात चप्पल नव्हती.

एक्सचेंज म्हणजे पंचायतीच्या मागची एक खोली आणि तिच्यात एक लोखंडी कपाट. रफिकचाचा स्टुलावर बसून भाकरी आणि अंबाडीची भाजी खात होता. त्याला मी श्वास न घेता सगळं सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला. "अरे नागू, सुबह से बत्ती नै थी ना! बैटरी बैठ गयी थी. घंटी को ताकत लगती है, दो घंटी में पूरा बोर्ड गिर जाता था. पूरे गाँव का वोइच हाल." मग अप्पांकडं बघून, "हमने बोला था ना, बजी तो उठाने का?" चाचानं फोन माझ्याकडं सरकवला.

पहिल्या नंबरावर रविवार म्हणून कुणी उचलेना. तिसऱ्या प्रयत्नात एका चौकीदारानं उचलला आणि त्यानं बचाव केंद्राचा नंबर दिला. तो लागला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात बारा पंचवीस झाले होते. ज्यानं उचलला तोच सकाळचा अधिकारी निघाला. माझं हिंदी शाळेतलं. मी म्हणालो की टग पोचलेली नाही. तो म्हणाला, तुमच्या घरच्यांनी तर सांगितलं की सकाळी निरोप आला. मी दोन रिंगांचा हिशोब त्याला सांगितला आणि वहीतल्या चार वेळा वाचल्या. त्यानं त्याच्या नोंदी काढल्या असाव्यात, कागद उलटल्याचा आवाज आला. मग तो हळू म्हणाला, "तो वो घंटी हमारी थी?"

"हां साब. आपकी."

त्यानंतर त्यानं मला जे सांगितलं ते मला तेव्हा अर्धं कळलं आणि पुढं वाचून पुरं कळलं. उपग्रह डोक्यावरून जाताना अशा यंत्राच्या हाकेच्या दोन जागा निघतात, एक खरी आणि एक खोटी. पुढचा उपग्रह येईपर्यंत कोणती खरी ते ठरत नाही. त्या दिवशी एक जागा खोल पाण्यात होती आणि दुसरी किनाऱ्याला लागून. अशा हाकांतल्या पुष्कळशा चुकून गेलेल्या असतात. बंदरात कुणी यंत्र धुताना, हलवताना चालू होतं. मालकाचा फोन लागत नव्हता. त्यात अप्पांचं "पोंच गयी". त्यांनी किनाऱ्याची जागा धरली आणि बंदरात माणूस पाठवून बोट शोधायला लावली. विमान तयार होतं, ते थांबवलं.

"बंदर में गलती से चालू हुआ होगा, ऐसा नहीं लगता तुझे?" त्यानं विचारलं.

"साब, वो अलमारी में है. ताला है. अपने आप चालू नै होता. किसी ने ताला तोडा है."

मग त्यानं विचारलं, माणसं किती. मी म्हणालो सहा. जीव वाचवायचा तराफा किती जणांचा. मी म्हणालो, पत्रात आठ लिहिलंय. फोन ठेवताना तो म्हणाला की आता या नंबरावरून हलू नकोस आणि फोन वाजला की पहिल्या घंटीलाच उचल.

साडेपाच तास आम्ही त्या खोलीत बसलो. चाचानं पंचायतीतून दुसरी बॅटरी आणून जोडली. अव्वा आणि अक्का आल्या आणि दाराबाहेर ओट्यावर बसल्या. कुणीतरी घरून हुग्गीचं पातेलं उतरवून ठेवलं का, असं अक्कानं विचारलं आणि अव्वानं तिच्याकडं असं बघितलं की ती पुन्हा बोलली नाही. अप्पा कपाटाला टेकून उकिडवे बसले होते. मधूनच ते म्हणाले, "लांब हाक हुती ती. बोर्डानं तोडली." मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही. मला फक्त राग होता: त्यांच्यावर, बॅटरीवर, मालकावर, कुलपावर आणि मुख्य म्हणजे माझ्या सुबक रकान्यांवर.

सहाला पाच मिनिटं कमी असताना फोन वाजला. मी पहिली रिंग पुरी होऊ दिली नाही. तोच अधिकारी बोलत होता: तीन चाळीसला विमानाला नारिंगी धूर दिसला. जवळच्या एका मालवाहू जहाजानं साडेपाचला तराफा गाठला. पाच जण जिवंत. नावं वाचतो म्हणाला. तिसरं नाव अण्णाचं होतं. मी मोठ्यानं म्हणालो, "हाय! जिता हाय!" बाहेर अव्वानं जो हंबरडा फोडला त्यानं पंचायतीपुढची माणसं गोळा झाली. मी मात्र अजून फोन धरून होतो. सहावं नाव विचारल्यावर तो म्हणाला, दत्ताराम. भंडारी, म्हणजे बोटीवरचा स्वयंपाकी. तराफ्यातच गेला.

अण्णा पंधरा दिवसांनी घरी आला. ओठ आणि कपाळ सोललेलं, बाकी धड. त्यानं सांगितलं की पहाटे मागं बांधलेल्या मोठ्या तराफ्यानं दोर आडवा ओढला आणि टग कुशीवर झाली. सारंगानं पाना घालून कपाटाचं कुलूप तोडलं, त्यात मोलाची मिनिटं गेली. दत्तारामच्या छातीवर लोखंडी दार आदळलं होतं. तो दिवसभर अण्णाच्या मांडीवर डोकं ठेवून होता. बोलत होता, पाणी मागत होता, बरा झालो की तुझ्या गावची ज्वारीची भाकरी खायला येतो म्हणत होता.

"आमी पान्यात, अन् तुमी हुग्गी शिजवायलाव व्हय!" दोन रिंगांचं ऐकून अण्णा आधी हसला. त्याला वाटलं, गमतीची गोष्ट आहे. मग अप्पांचा चेहरा बघून थांबला.

मी अण्णाला एकटं गाठून विचारलं, "दत्ताराम किती वाजता गेला?"

"उन्हं कलली तवा."

"इमान दिसायच्या आदी का नंतर?"

"नंतर. धूर लावलो, इमान वरून फिरलं, त्यानं डोळ्यानं बघितला बी. मग जहाजाची वाट बघता बघता गेला."

"किती वेळानं? चार? साडेचार? पाच?"

"घड्याळ कुनाकडं हुतं रे?" तो चिडला. "काय करायलास इचारून?"

मी काय करत होतो ते मी त्याला सांगितलं नाही. दहा पस्तीस ते बारा पंचवीस म्हणजे एक तास पन्नास मिनिटं. तेवढं मागं घेतलं तर विमान दोनला दहा कमी असताना आलं असतं आणि जहाज तीन चाळीसला. जहाजावर औषधपाणी होतं, कोरडी जागा होती. सात दहाच्या पहिल्या रिंगेपासून मोजलं तर पाच तास पंधरा मिनिटं होतात. दत्ताराम साडेचारला गेला असेल, तर जहाज पन्नास मिनिटं आधी पोचलं असतं. त्यानं तो वाचला असता का, ते डॉक्टरसुद्धा सांगू शकणार नाही. मी आजवर हजारो हिशोब लिहिले आणि जुळवले. या एका ओळीत एक आकडा मोकळा आहे आणि तो कुणाकडं मागायला जाण्याचीही सोय नाही. या गोष्टीवर मी इतकी वर्षं चरफडतो आहे, ते या मोकळ्या आकड्यामुळं.

त्या दिवसानंतर अप्पांनी फोनला हात लावला नाही. वाजला की उठून बाहेर जात. नियम मोडल्याचं त्यांनी तोंडानं जाहीर केलं नाही, पण पहिल्या रिंगला अक्कानं उचललं तरी ते काही बोलत नसत. पुढच्या कार्तिकात एका सकाळी ते मला म्हणाले, "पोस्टात चल." पोस्टात त्यांनी मनीऑर्डरचा फॉर्म घ्यायला लावला. दत्तारामचा पत्ता त्यांनी अण्णाकडून कधी काढून घेतला होता ते मला माहीत नाही. त्याची आई कोकणात एकटी राहत होती, रुक्मिणीबाई नावाची. रक्कम तीनशे. खाली निरोपाचा रकाना होता.

"इथं काय लिहू?"

"काय न्हाई."

"कोण पाठवलं, कशाचे, एवढं तरी? म्हातारीला कळंना की."

"काय न्हाई म्हनलो नव्हं."

दर कार्तिकात आम्ही असं पोस्टात जात असू आणि दर वेळी माझं आणि त्यांचं त्या रकान्यावरून वाजत असे. मला वाटे, खरं लिहावं. त्यांना काय वाटे ते त्यांनी सांगितलं नाही. एकदा तिकडून कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं कार्ड आलं: पैसे पोचले, आपण दत्ताचे कोण लागता ते कळवावे. ते कार्ड अप्पांनी मला तीनदा वाचायला लावलं आणि उत्तर पाठवू दिलं नाही. मी चिडून म्हणालो, "मंग पाठवताव तरी कशाला?" ते म्हणाले, "तू तुजी वही लिही."

अप्पा गेले ते आश्विनात. पुढच्या महिन्यात मी एकटा पोस्टात गेलो. पाठवणाऱ्याच्या जागी त्यांचंच नाव घातलं. निरोपाच्या रकान्यात दोन ओळी मावतात. मी लिहिलं: "त्या दिवशी आमच्या घरी चार वेळा घंटी वाजली. आम्ही उचलली नाही. मदत उशिरा निघाली, ती आमच्यामुळे." कारकुनानं वाचलं, माझ्याकडं बघितलं आणि शिक्का मारला.

बारा दिवसांनी पोचपावती आली. सहीच्या जागी अंगठा होता. दुसऱ्या वर्षीची मनीऑर्डर परत आली, घेणार मयत म्हणून.

दिले ते असे: अप्पांनी सात वेळा तीनशे आणि पाच वेळा पाचशे, मी एकदा पाचशे. एकूण पाच हजार शंभर रुपये, रुक्मिणीबाईंना, दत्ताराम भंडाऱ्याच्या आईला.